कुंकू लावलेलं खोकं

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत आणलेली नाही. प्रत्येक वस्तू दुकानदाराच्या घशातून ओढून काढलेली असते, आणि ती कशी काढली याची कथा मला चहाबरोबर ऐकावी लागते. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं फायली हलवून, खरं तर न हलवून, हे निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता माणूस कुंड्यांना पाणी घालेल, भजनाला जाईल. कसलं काय! हे दुकानांच्या सवलतींत रमले.

त्याला कारण सकाळची चौकडी. हे आणि ह्यांच्यासारखेच तीन पेन्शनर रोज फिरायला जातात. फिरणं नावाला, खरा व्यायाम चहाच्या गाड्यावर तोंडाचा होतो. पूर्वी तिथं साखर आणि गुडघे यांवर बोलणं व्हायचं. मग हायवेच्या बाजूला ते भलंमोठं दुकान निघालं आणि त्याने 'तीस दिवसांत परत करा, कारण विचारणार नाही' असा फलक लावला. तेव्हापासून या चौघांना नवी पालवी फुटली. एकाने बूट पंचवीस दिवस घालून 'चावतात' म्हणून परत केले. दुसऱ्याने सुनेच्या डोहाळजेवणाची साडी लेबल आत खोचून नेसायला लावली आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून दुकानात नेऊन दिली. डाग पडायला नको म्हणून ती बिचारी आमटी न घेताच जेवली म्हणे. "ह्याला डोकं लागतंय," असं म्हणून चौघे एकमेकांना टाळ्या देतात. डोकं खिसेकापूलाही लागतं. पण तो निदान चहाच्या गाड्यावर मिरवत नाही.

मी तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली असेल तर मी गुण कापायची. त्यामुळे ह्यांच्या या उद्योगांकडे मी नाक मुरडून बघायची, चार शब्द सुनवायची, आणि खरं सांगायचं तर त्यातून मला एक सुखही मिळायचं. आपण यातल्या नाही, हे सुख.

मागच्या वर्षी मंगळवार पेठेतली आमच्या कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद झाली. दुसरी गिरणी लांब, आणि माझे गुडघे दोन जिन्यांनाही कुरकुरतात. म्हणून घरघंटी घ्यायचं ठरलं. कमरेएवढं कपाट असतं ते, वरून जोंधळे ओतायचे, खालच्या डब्यात पीठ. हायवेच्या दुकानातून आणली. घरात जातं आल्यावर जे करतात ते मी केलं. उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. आमच्याकडे गाडी असो, मिक्सर असो की मोबाइल, कुंकू लागल्याशिवाय वस्तू आपली होत नाही.

तीन आठवडे घंटी झकास चालली. मग एका सकाळी पेपरातून त्या दुकानाचं पत्रक पडलं. तीच घंटी, तीन हजारांनी स्वस्त. ह्यांनी ते तीनदा वाचलं, पोह्यांची बशी बाजूला सारली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. घरात कुणी गेलं असतं तरी हे पोहे संपवून रडले असते.

एक मान्य केलं पाहिजे. तीन आठवड्यांत तीन हजारांनी उतरते ती किंमत मुळात किती फुगवलेली असेल, हे कळायला गणिताची बाई लागत नाही. 'ग्राहक आमचे दैवत' असं दारावर लिहायचं आणि दैवताचाच खिसा चाचपायचा, अशातलं ते दुकान. मी म्हटलं, "जाऊन सरळ सांगा, आमचा फरक द्या म्हणावं. दिला तर दिला, नाही तर चार शिव्या द्या आणि या."

"मागून मिळालं तर त्यात डोकं कुठलं?" हे म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी खाली छोटा टेम्पो थांबला. दोघांनी एक मोठं खोकं उचलून वर आणलं आणि सोप्यात ठेवलं. हे खाली टेम्पोवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत होते. मी खोकं बघितलं. काय आहे, कुणाचं आहे, काही विचारलं नाही. नवी वस्तू उंबरा ओलांडून आली की माझा हात आपोआप चालतो. भाकरीचा तुकडा ओवाळला, करंड्यात बोट बुडवलं आणि खोक्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. खाली दोन ओळी हळदीच्याही ओढल्या.

हे वर आले आणि ओरडले, "अगं, काय केलंस हे! हे परत द्यायचं हाय!"

तेव्हा मला सगळी योजना कळली. ह्यांनी स्वस्त झालेली दुसरी घंटी आणली होती. ती न उघडता, जुन्या महाग बिलाबरोबर दुकानाला परत करायची, जुन्या बिलाचे पैसे घ्यायचे आणि वापरलेली घंटी घरात तशीच ठेवायची. तीन हजार खिशात. चौकडीतल्या कुणालाही आजवर हे सुचलं नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा आनंद होता, आणि मी त्याच्यावर कुंकू फासलं होतं.

मग पुसापुशी सुरू झाली. ओल्या फडक्याने पुसलं तर कुंकू पुठ्ठ्यात मुरलं आणि स्वस्तिकाचा लालभडक ढग झाला. खोडरबर झालं, पावडर झाली, माझा नेलपेंट काढायचा द्रावही झाला. शेवटी ह्यांनी खोकं उलटं केलं. 'ही बाजू वर' असं सांगणारा बाण जमिनीकडे बोट दाखवत राहिला. मी हसत होते. पदर तोंडाला लावून हसत होते, आणि तेवढ्यात हे म्हणाले, "उद्या तुलाबी यावं लागंल."

बिल माझ्या मोबाइल नंबरावर होतं. ह्यांनी इतक्या वस्तू परत केल्या होत्या की ह्यांच्या नंबरावर दुकानाच्या कॉम्प्युटरात लाल शेरा आला होता. परत करताना नंबरावर ओटीपी येतो, तो सांगितल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. म्हणजे मीच हवी होते. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मला लाज वाटते," आणि दुसऱ्या दिवशी साडी बदलून टेम्पोमागे रिक्षात बसले. लाज वाटणं आणि नाही म्हणणं यांत किती अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. पण मला वाटलं, आपण तोंडाने विरोध नोंदवलाय, आता आपला संबंध संपला.

परतीच्या काउंटरवर आमचे मिस्त्री उभे होते.

मिस्त्रींचं आमच्याच पेठेत कपाटाएवढं दुकान होतं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, शेगड्या. तीस वर्षं सगळ्या पेठेची यंत्रं त्या एका मुसलमान माणसाच्या हाताखालून गेली. बिल नाही, गॅरंटी कार्ड नाही. "चाललं न्हाय तर घिऊन या," एवढंच त्यांचं धोरण. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. गणितात कच्ची. दहावीच्या वर्षी मी तिला रोज संध्याकाळी घरी बोलावून शिकवलं होतं, आणि ती पास झाली तेव्हा मिस्त्री पेढे घेऊन आले होते. पुढे लोक दुरुस्त करायचे थांबले. बिघडलं की टाका, ऑफरमध्ये नवं आणा. मिस्त्रींनी दुकान बंद केलं आणि उतारवयात त्या मोठ्या दुकानाचा निळा शर्ट अंगात चढवला. परत आलेल्या वस्तूत खरंच बिघाड आहे का, हे नुसतं ऐकून सांगणारा माणूस दुकानालाही हवाच होता.

"बाई, तुमी?" मिस्त्रींचा चेहरा फुलला. त्यांनी खोकं पाहिलं, बाण पाहिला, आणि सवयीने ते सुलट केलं.

लाल ढग वर आला.

मिस्त्रींनी त्या डागावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, कुंकू लावल्याली वस्तू कुणी परत करत न्हाय की. आमच्यात न्हाय ही रीत, पर तीस वर्षं तुमचं मिक्सर उघडलोय मी. जळून कोळसा झाल्यालाबी टाकत न्हाईत लोक, कुंकू हाय म्हणून."

हे पुढे सरसावले. "बायकांचं काय, दिसलं की लावत्यात. सील बगा की, सील!"

मिस्त्रींनी ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नियम असा होता की खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून बघायचा. त्यांनी बिल हातात घेतलं, खिशातून चष्मा काढला आणि मला विचारलं, "बाई, ही वापरल्याली न्हाय न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

वाक्य खरं होतं. तीस वर्षांत मुलांना हजारदा शिकवलं असेल की अर्धी रीत लिहून खाली बरोबर उत्तर ठोकणं याला लबाडी म्हणतात. ते वाक्य अगदी तसलं होतं.

मिस्त्रींनी चष्मा घातलाच नाही. घडी करून परत खिशात ठेवला. "तुमी म्हणताय म्हटल्यावर झालं," ते म्हणाले आणि शिक्का मारला. माझ्या मोबाइलवर सहा आकडे आले. ते मी मोठ्याने, शाळेत पाढा म्हणावा तसे म्हणून दाखवले.

चौकडीने ह्यांना त्या आठवड्यात डोक्यावर घेतलं. मिसळ झाली. एकाने विचारलं म्हणे, "वैनींनी साथ दिली न्हवं?" आणि हे अभिमानाने म्हणाले, "दिली की!"

पंधरा दिवसांनी मिस्त्री घरी आले. निळ्या शर्टातच होते. पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं. लाल डागाचं खोकं नवं म्हणून विकता येईना, म्हणून ते कंपनीला परत पाठवायला काढलं, तेव्हा कुणीतरी नंबर ताडून पाहिले होते. जुळले नाहीत.

"सायेब म्हणत्यात, मी तुमाला सामील हाय," मिस्त्री म्हणाले. "वळखीचं गिऱ्हाईक, कुंकवाचा डाग डोळ्यांनी बघितला आणि नंबर बघितला न्हाय, म्हंजे वाटा घेतला आसंल. शनवारी फैसला हाय. बाई, तुमी फकस्त येऊन एवढं सांगा, खोक्यांची अदलाबदल चुकून झाली. मिस्त्रीला ठावं नव्हतं. एवढंच. माझी नोकरी ऱ्हाती."

त्यांनी आम्हाला चोर म्हटलं नाही. उलट 'चुकून' हा शब्दही स्वतःच आणून दिला होता.

"बघतो की," हे म्हणाले. मिस्त्री जिना उतरल्यावर ह्यांचा आवाज बदलला. "चुकून झालं म्हटलं की फरक परत भरावा लागतोय. आणि चौघांत काय तोंड दावू? एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतोय?"

कंपनीला फरक पडत नाही, हे अगदी खरं. म्हणूनच तो फरक वरून खाली, खाली उतरत काउंटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत येतो आणि तिथं थांबतो, कारण त्याच्या खाली कुणी नसतं. हे मी ह्यांना ऐकवलं. फार छान ऐकवलं. आणि शनिवारी मी एकटी जाणार, असंही ठणकावलं.

गेलेही. दुकानात शिरले, मॅनेजरच्या काचेच्या खोलीपाशी पोचले. मनात वाक्य तयार होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्या बाई, तुमी इथं?" माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई, हातात बादल्या घेऊन उभी. शेजारी तिची जाऊ. "ह्या आमच्या पोरीच्या बाई. लई कडक. एका मार्काला सोडायच्या न्हाईत," ती जावेला सांगत होती. काचेमागचा मॅनेजर मान वर करून माझ्याकडे बघत होता. "काय हवंय, मॅडम?" त्याने दार उघडून विचारलं.

त्या दोघींसमोर मला म्हणायचं होतं की मी फसवून वस्तू परत केली. नाही, तेही नाही. नुसतं 'चुकून' म्हणायचं होतं. एवढाही दम माझ्यात निघाला नाही. 'बाई' म्हणून तीस वर्षं जे कमावलं ते त्या बादल्यांपाशी सांडेल, अशी भीती वाटली. मी म्हटलं, "डबे कुठे मिळतील?"

त्या विद्यार्थिनीच्या आईने मला स्वतः डब्यांपर्यंत नेऊन पोचवलं. एकावर एक फुकट होता. मी स्टीलचा डबा घेतला, त्यावरचा फुकट डबा घेतला आणि घरी आले. ह्यांना मी इतकी वर्षं नावं ठेवत होते. ह्यांची लबाडी निदान हसतखेळत तरी होती. माझी तोंडात मिठाची गुळणी धरून होती, आणि वर पदर सावरून.

मिस्त्रींची नोकरी गेली. हे पेठेत आठवड्याभरात कळलं. आता ते जुन्या मोपेडवर पिशवी लटकवून घरोघरी दुरुस्तीला फिरतात, हेही कळलं. मी त्यांच्या गल्लीतून जायचं बंद केलं. मंडईला लांबून जाऊ लागले, गुडघे दुखत असतानाही.

आणि दिवाळीच्या तोंडावर घंटी बंद पडली.

बटण दाबलं की घुंऽऽ असा आवाज यायचा आणि पीठ पडायचं नाही. भाजणी तशीच डब्यात. ह्यांनी ऐटीत कंपनीला फोन लावला, दोन वर्षांची वॉरंटी होती. कंपनीचा माणूस आला, त्याने बिल मागितलं. ह्यांनी दुसरं, स्वस्तातलं बिल काढून दिलं, पहिलं तर परतीबरोबर दुकानात गेलं होतं. त्याने घंटीच्या मागचा नंबर पाहिला, बिल पाहिलं, पुन्हा नंबर पाहिला आणि तो मोबाइलमध्ये घालून तपासला.

"काका, ही मशीन तुमची न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय म्हंजे? घरात हाय की!"

"घरात आसंल. कागदावर ही तुमी दुकानाला परत दिल्याली हाय. आणि जिचं बिल हाय ती घरात न्हाय." त्याने पिशवी उचलली. "हिला वॉरंटी लागत न्हाय."

हे मटकन खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याकडे सांगायला कथा नव्हती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पेठेत घंटी उघडू शकेल असा एकच माणूस होता. त्यांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. दोन दिवस मी तो काढून नुसता बघत होते. तिसऱ्या दिवशी लावला. "येतो की, बाई," एवढंच बोलून मिस्त्रींनी फोन ठेवला.

आले. मोपेड खाली लावून, पिशवी घेऊन, दोन जिने चढून. ह्यांना काहीतरी आठवलं आणि हे बाहेर गेले. मिस्त्रींनी घंटी ओढून पुढे घेतली. झाकणावर माझं स्वस्तिक सुकून तपकिरी झालं होतं. ते पुसलं जाणार नाही अशा बेताने त्यांनी झाकण काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. पट्टा तुटला होता. ते खाली बसून काम करत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी.

"मिस्त्री," शेवटी मी म्हटलं, "त्या शनिवारी मी आले होते दुकानात."

त्यांचा हात थांबला नाही. "ठावं हाय," ते म्हणाले. "काचेच्या खोलीत मीच उभा हुतो की, फायलींच्या कपाटाच्या आडाला. तुमाला बघितलं तवा सायबास्नी म्हटलं, बगा, आल्या आमच्या बाई." त्यांनी पाना फिरवला. "मग तुमी डबं घिऊन गेलासा."

मला बसायला हवं होतं, पण बसवलं नाही. सगळी वाक्यं मी त्या दुकानात सोडून आले होते.

नवा पट्टा चढवून त्यांनी मूठभर गहू टाकले. पीठ पडलं. चिमटीत घेऊन त्यांनी ते चोळून पाहिलं, मला दाखवलं. मग झाकण बसवलं, घंटी वळवली, खिशातून मोबाइल काढला आणि मागच्या नंबराचा फोटो घेतला. पिशवीतून एक छापील पावतीबुक निघालं. त्यावर त्यांनी तारीख घातली, पट्ट्याचं नाव घातलं आणि यंत्राचा नंबर एकेक आकडा म्हणत लिहिला. तीस वर्षांत मिस्त्रींना मी कधी स्वतःची पावती लिहिताना पाहिलं नव्हतं.

"वाईट वाटून घिऊ नका, बाई," ते म्हणाले आणि पावतीबुक माझ्यापुढे धरलं. "आता सगळ्यांकडनंच घेतोय. नंबर ताडून बगा आणि सही करा."

मी चष्मा आणायला आत गेले.